आफ्रिकेत सरकारी खर्चाचा हिशेब लपवला गेला, तर तिथल्या खासगी धंद्यांना काय फरक पडतो?

फार मोठा. मोझांबिकचंच बघा. २०१३-१४ मध्ये तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी टूना मासेमारी आणि किनारा-सुरक्षेच्या नावाखाली सुमारे २ अब्ज डॉलर कर्ज उचललं. हमी सरकारची, पण संसदेला विचारलंच नाही. त्यातलं निम्म्याहून जास्त कर्ज २०१६ पर्यंत लपून राहिलं. ते उघड होताच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला मिळणारी मदत थांबवली आणि मेटिकल हे चलन कोसळलं.

ते सावरायला मध्यवर्ती बँकेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्याजदर २३.२५ टक्क्यांवर नेला. आता राजधानी मापुतोतला एखादा छोटा कारखानदार डोळ्यांसमोर आणा. कच्चा माल आयातीचा, म्हणून महाग. खेळतं भांडवल बँकेकडून घ्यावं, तर व्याजच नफा खाऊन टाकतं. सरकारला माल पुरवला असेल, तर बिलं अडकलेली. यात त्याचा काय दोष?

२०१७ च्या लेखापरीक्षणात या कर्जातल्या ५० कोटी डॉलरचा हिशेब लागलाच नाही. कर्ज उचललं तेव्हाचे अर्थमंत्री मॅन्युएल चँग २०२४ मध्ये याच प्रकरणात न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरले. मला मात्र शिक्षेपेक्षा सरकारी हमीची माहिती वेळच्या वेळी जाहीर होणं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बुडालेला कारखाना निकालाने परत उभा राहत नाही.