चढावर गाडी गचके देते, स्कॅनरवर लीनचा (पेट्रोल कमी पडल्याचा) कोड येतो. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल, बदलावेत का?

नका बदलू. आधी फ्युएल प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणाऱ्या पेट्रोलचा दाब, मोजा.

मी चारही इंजेक्टर बदलले आहेत, म्हणून ठासून सांगतो. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात, वडील शेजारी, मागे ट्रकची रांग, आणि दुसऱ्या गिअरलाही गाडी ओढेना. सपाटीला मात्र सुरळीत. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, पी०१७१ आला, म्हणजे तोच लीनचा कोड. आमचे दाजी सोबत होते. म्हणाले, "मशीन सांगतंय ना, मग इंजेक्टरच." प्लग, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर, सगळं नवं घातलं. अठरा हजार गेले आणि पुढच्या महिन्यात त्याच वळणावर गाडी पुन्हा गुदमरली.

तो कोड एवढंच म्हणतो की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. का पडतंय, ते म्हणत नाही. हे मी दाजींना त्याच दिवशी सांगितलं होतं.

शेवटी साताऱ्यातल्या एका वयस्कर वायरमननं पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज जोडला, काचेवर बाहेरून चिकटवला आणि मला घाटात गाडी घ्यायला लावली. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं इंजिन चालू ठेवल्यावर, ३ बार, चढावर काटा दोनच्या खाली. आयडलला इंजिन पेट्रोल पितंच किती; तेवढं अशक्त पंपही पुरवतो. मग मागची सीट उचलून, तिच्याखालच्या पेट्रोल पंपाला चालू इंजिनवर व्होल्टचा मीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर १०.६. पंपाच्या अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. घासून आवळला, बस्स. पंप तोच आहे, चार वर्षं झाली.

तुमचंही प्रेशर चढावर पडत असेल तर आधी पंपाचे व्होल्ट, मग टाकीतली जाळी आणि फिल्टर. प्रेशर टिकलं तर इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेला, कुठे फटीतून जास्तीची हवा ओढली जातेय का ते बघा, आणि त्यानंतर इंजेक्टर. दाजी हल्ली सगळं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर ढकलतात. जुन्या गाड्यांच्या रबराला त्याचा त्रास होतो, मान्य. पण माझे तीन व्होल्ट गंजलेल्या बोल्टनं खाल्ले होते.

हो, एक राहिलं: गेज जोडायला लाइन सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर गरम इंजिनवर पेट्रोल उडेल. डायरेक्ट इंजेक्शनची (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी) गाडी असेल तर हाय प्रेशरच्या बाजूला हात लावू नका. ३ बार हा माझ्या गाडीचा आकडा, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. आणि गेज नसलेला गॅरेजवाला इंजेक्टर बदलू म्हणाला, तर गाडी तिथून काढा.