कापडी कॅनो आणि पावसाळ्यातली बुरशी : प्रश्नोत्तरे

पाऊस लागला की कॅनव्हास चढवलेल्या लाकडी कॅनोबद्दल तेच ते प्रश्न येतात. सगळ्यांना औषधाचं नाव हवं असतं. होडी ठेवली कुठे, ते कुणीच लिहीत नाही.

प्रश्न : कापडावर काळे ठिपके आलेत. ब्लीच मारू का? (मिरज)

उत्तर : नको. डाग फिका पडेल, पण सूतही कमजोर होईल. सौम्य साबण, मऊ ब्रश, मग वाऱ्यावर खडखडीत वाळवा.

प्रश्न : जूनमध्ये प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गच्च बांधली होती, तरी गणपतीत उघडली तर कुबट वास! (बामणोली)

उत्तर : ‘तरी’ नाही, ‘म्हणूनच’. बुरशीला पाऊस लागत नाही, कोंडलेला दमटपणा पुरतो. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकला की कुजण्याचा धोका सुरू. कॅनव्हास म्हणजे कापूसच. लाकडातलं सेल्युलोज त्यातही असतं, आणि बुरशी तेच खाते. पहाटे त्या ताडपत्रीला आतून हात लावून बघा, बोटं ओली होतील. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर जुलैत ते पाणी वाळणार कधी? होडी छपराखाली पालथी, दोन लाकडी घोड्यांवर, जमिनीपासून गुडघाभर उंच ठेवा. ताडपत्री घालायचीच तर वर मांडवासारखी, होडीला न टेकवता, बाजू मोकळ्या सोडून. गवतावर पालथी टाकलेल्या होडीच्या काठपट्ट्यांची टोकं आधी जातात. तिथे टोच्या दाबून बघा. रुतला, तर मला फोटो पाठवत बसू नका. होडीकाम केलेल्या सुताराला याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, कॅनव्हासऐवजी वरून फायबरग्लासचा थर द्या, कायमची कटकट मिटेल. (सांगलीवाडी)

उत्तर : त्याची मिटेल. तुमच्या लाकडातला ओलावा आत अडकेल, आणि उद्या तो थर सोलताना पातळ फळ्याही निघून येतील. कॅनव्हास फाटला तर बदलता तरी येतो.

प्रश्न : मे संपत आलाय, आता नवा कॅनव्हास चढवू? (कराड)

उत्तर : उशीर केलात. जवसाच्या तेलातलं फिलर, म्हणजे कापडाची छिद्रं बुजवणारा लेप, विणीत भरल्यावर वाळायला महिनाभर तरी लागतो. त्याआधी रंग दिला तर सुरकुततो. दिवाळीनंतर घ्या. फिलरमध्ये झिंक नॅफ्थेनेटसारखं बुरशीरोधक चालेल का, किती, हे रंगाच्या जाणकाराला विचारूनच ठरवा. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतो. पसरून वाळवा.

प्रश्न : आजोबांच्या वेळच्या कॅनोचा रंग घासून काढू? (वाई)

उत्तर : जुन्या रंगात आणि फिलरमध्ये शिसं असू शकतं. तपासणी होईपर्यंत सँडपेपर लावू नका.