मोबाईल फोडण्याआधी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तासगावहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. अकरावीत शिकणारा आणि क्लाससाठी रोज सांगलीला ये-जा करणारा आपला सोळा वर्षांचा मुलगा इन्स्टाग्रामवर मुलीच्या नावाने बोलणाऱ्या अनोळखी व्यक्तीच्या जाळ्यात सापडला, त्याने पाठवलेला खासगी फोटो पाहुण्यारावळ्यांना दाखवण्याची धमकी आता त्याला मिळते आहे, आणि भीतीपोटी त्याने, छाटणीच्या मजुरीसाठी आपण खात्यात ठेवलेले सहा हजार रुपये परस्पर यूपीआयने पाठवून दिले. मोबाईल फोडावा, क्लास बंद करावा आणि यातले काही त्याच्या वडिलांच्या कानावर जाऊ देऊ नये, असे आपल्याला वाटते.

ताई, मोबाईल फोडू नका, कारण सगळा पुरावा त्यातच आहे. धमकीचे संदेश, त्या खात्याचे नाव, पैसे गेले तो यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा क्रमांक यांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा आणि मगच त्या व्यक्तीला ब्लॉक करा. यापुढे एक रुपयाही द्यायचा नाही. पैसे मिळतात हे कळले की मागणी वाढतच जाते. हे वाचून होताच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढे वळवली जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा.

पोलिसांत गेलो तर गावभर होईल, ही आपली भीती मी समजू शकते. परंतु लैंगिक गुन्ह्यांपासून अठरा वर्षांखालील मुलांचे रक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा मुलग्यांनाही तितकेच संरक्षण देतो. त्यानुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो आणि मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. या प्रकरणात गुन्हेगार धमकावणारा आहे, आपला मुलगा नव्हे, हे त्याला आपल्या तोंडून स्पष्ट ऐकू द्या.

अठरा वर्षांखालील मुलांच्या अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवा आहे. मूळ फोटो फोनबाहेर जात नाही. त्याची केवळ एक अंकीय खूण तयार होते आणि तिच्या आधारे इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या तो फोटो शोधून हटवू शकतात. व्हॉट्सॲपवरच्या खासगी संदेशांत मात्र तिचा उपयोग होत नाही. तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कोणा नातेवाइकाला पुढे पाठवू नका.

क्लास बंद करणे मला मुळीच पटत नाही. मुलाने स्वतः येऊन आपल्याला सांगितले, ही या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. त्याची शिक्षा म्हणून मोबाईल आणि शिक्षण दोन्ही गेले, तर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही. खाते प्रायव्हेट करणे, पासवर्ड बदलणे, अनोळखी लोकांना यादीतून काढणे हे त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच हातून करून घ्या. वडिलांना सांगावेच लागेल. मुलगा समोर नसताना सांगा, म्हणजे त्यांचा पहिला राग त्याच्यावर निघणार नाही.

आणि काही दिवस रात्री त्याला एकटे झोपू देऊ नका. तो जेवेनासा झाला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर तक्रारीचे काय होते याची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच क्षणी फोन करा आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.