कॅप्टन व्हायचंय? खानदेशातून आलेले प्रश्न

जहाजावरच्या नोकरीबद्दल मागे लिहिलं, त्यानंतर जळगाव, धुळे, नंदुरबारकडून बरेच प्रश्न आले. पगाराचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत, कारण तो कंपनीगणिक आणि जहाजागणिक बदलतो. दिशा, हवा आणि पाणी यांबद्दलचे प्रश्न आज घेतोय.

जहाजावर जीपीएस, रडार, इलेक्ट्रॉनिक चार्ट सगळं असतं. मग सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं साधन) आणि तारे अजून का शिकवतात? परीक्षेपुरतंच ना?
(बारावी सायन्सचा विद्यार्थी, चोपडा)

२०१७च्या जूनमध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्क बंदराजवळ वीसेक जहाजांचं जीपीएस त्यांची जागा थेट जमिनीवरच्या एका विमानतळावर दाखवत होतं. यंत्र बिघडलेलं नव्हतं, त्याला खोटा सिग्नल मिळत होता. आता भूमध्य समुद्राच्या पूर्वेला आणि इराणच्या आखाताकडे असे प्रकार नेहमीचे झालेत. विमानतळावर आपण नाही हे कुणालाही कळतं. पण जागा दोनच मैलांनी चुकीची दाखवली, तर? ते रडारवर किनाऱ्याचं अंतर मोजून कळतं, दीपगृहाचं बेअरिंग, म्हणजे कंपासवरची दिशा, घेऊन कळतं, खोली मोजून कळतं. भर समुद्रात यातलं काहीच नसतं, तिथे सूर्य आणि तारे उरतात. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतल्या, अधिकाऱ्याचं निम्मं काम म्हणजे एका साधनाने सांगितलेलं दुसऱ्याकडून पडताळणं. चांगल्या हाताने सेक्स्टंटवर एक-दोन सागरी मैलांच्या आत जागा मिळते. बंदरात शिरायला ती पुरत नाही, पण जीपीएस खोटं बोलतंय का हे ओळखायला पुरते.

आणि हे शिकायला समुद्र लागत नाही. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक घे, मधल्या छिद्रात दोरा ओव, दोऱ्याला एक नट बांध. रात्री गच्चीवर जाऊन कोनमापकाच्या सरळ कडेवरून ध्रुवताऱ्यावर नेम धर, दोरा स्थिर होऊ दे आणि भावाला आकडा वाचायला सांग. दोरा नव्वदपासून जितका सरकला, तितकी ताऱ्याची उंची. चोपड्यात ती एकवीस अंशांच्या आसपास यायला हवी, कारण ध्रुवाची उंची म्हणजेच जवळपास तुझा अक्षांश. ‘जवळपास’ म्हणतोय, कारण ध्रुवतारा बरोब्बर ध्रुवावर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. जहाजावर त्याची दुरुस्ती पंचांगासारख्या तक्त्यांतून करतात, त्याला नॉटिकल अल्मनॅक म्हणतात.

आता चूक किती महागात पडते ते बघ. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. एक अंश म्हणजे साठ मैल, सुमारे १११ किलोमीटर. जळगावच्या गच्चीवर एका अंशाने चुकलास, तर तुझं जळगाव अजिंठ्याचा डोंगर ओलांडून छत्रपती संभाजीनगरच्या वेशीवर जाऊन पडेल. सेक्स्टंट अंशाच्या साठाव्या भागाचाही दहावा भाग दाखवतो तो याचसाठी.

रेखांश घड्याळातून मिळतो. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवर लावलेलं आणि जळगाव साडेपंचाहत्तरच्या जवळ, म्हणून तिथे सूर्य डोक्यावर यायला बाराच्या पुढे अर्धा तास लागतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीवर एक सरळ काठी उभी कर. साडेबाराच्या पाच-सहा मिनिटं आधी तिची सावली पार पायाशी गोळा होईल. तो क्षण घड्याळात टिपलास की तू रेखांश काढायला सुरुवात केलीस. विषुववृत्तावर चार सेकंद चुकले की जहाज एक मैल चुकतं. (जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पुन्हा असाच डोक्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे काठी बिचारी वाट बघत उभी राहते.)

“मन्हा पोऱ्या बोटवर जासू म्हनस.” टीव्हीवर तौक्ते वादळाच्या वेळचं सगळं पाहिलं होतं. तेव्हापासून जीव धास्तावला आहे. वादळ आलं की जहाजावरचे लोक काय करतात?
(एक आई, अमळनेर)

ताई, धास्ती खोटी नाही. मे २०२१मध्ये तौक्ते गुजरातच्या किनाऱ्याकडे जाताना मुंबईपासून दूर, तेलविहिरींच्या भागात पी-३०५ ही बार्ज बुडाली आणि फार माणसं गेली. पण ती बार्ज कामगारांच्या राहण्यासाठीची होती, तिला स्वतःचं इंजिन नव्हतं. नांगर तुटले की तिला कुठे पळता येणार? चालत्या जहाजाच्या कॅप्टनकडे इंजिन असतं आणि वेळ असतो. त्याचं कौशल्य वादळाशी झुंजण्यात नसतं, वादळ येईल तिथे न राहण्यात असतं.

तुमच्या मुलाला जे शिकवतील त्यातलं थोडं सांगतो, म्हणजे फोनवर तुम्हीच त्याला विचाराल. हवामान खात्याकडून वादळाची जागा आणि पुढचा अंदाज मिळतो. अंदाज चुकतो हे गृहीतच धरलेलं असतं. त्यासाठी एक-दोन-तीनचा नियम आहे: चोवीस तासांच्या अंदाजात शंभर मैलांची चूक धरायची, अठ्ठेचाळीस तासांच्या अंदाजात दोनशे, बहात्तर तासांच्या अंदाजात तीनशे. ३४ नॉटच्या (तासाला ३४ सागरी मैल) वाऱ्याचा घेर जेवढा सांगितलेला असेल त्यात हे मैल मिळवायचे, नकाशावर वर्तुळ काढायचं आणि त्या वर्तुळात जहाज न्यायचं नाही. चौतीसच का? तिथून पुढच्या वाऱ्याला आपल्याकडे ‘चक्री वादळ’ म्हणतात आणि नावही तेव्हाच मिळतं. त्याच्या आधी डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन.

रेडिओ, उपग्रह सगळं बंद पडलं तरी बॅरोमीटर असतो. त्याची एक गंमत आहे, ती आपल्याकडेही दिसते. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी. ज्यांच्या फोनमध्ये दाब मोजण्याची सोय आहे त्यांनी मे महिन्यात सकाळी दहाला आणि दुपारी चारला आकडा लिहून ठेवावा. सरळ तीन-चार हेक्टोपास्कलची घसरण दिसेल आणि बाहेर मात्र कडक ऊन. नवा कॅडेट ही घसरण बघून घाबरतो. त्याहून वाईट म्हणजे खरी घसरण आली की ‘ही रोजचीच’ म्हणून सोडून देतो. म्हणून रोजचा चढउतार वजा करून आकडा बघायचा. त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा तीन हेक्टोपास्कल कमी भरला तर वादळाची शंका घ्यायची, पाच भरला तर शंका उरत नाही. शिवाय वादळाच्या आधी लांब-लांब लाटा येतात, त्यांना स्वेल म्हणतात. वारा पडलेला, आभाळ निवळलेलं, आणि जहाज संथपणे डोलायला लागतं. अशा वेळी अनुभवी कॅप्टन जेवण अर्धं टाकून ब्रिजवर येतो.

वादळ कुठे आहे हे शोधायला एक जुना नियम पुरतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि उजवा हात बाजूला पसरायचा. वादळाचं केंद्र त्या हाताच्या दिशेला, किंवा त्याहून थोडं मागे असतं. मग जहाजाचा वेग कमी करून वारा बदलतोय कसा ते बघायचं. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सरकत असेल तर वादळ ज्या दिशेने चाललंय तिच्या उजव्या अर्ध्यात आपण आहोत. तो धोक्याचा अर्धा. तिथे वादळाची स्वतःची चाल वाऱ्याच्या वेगात मिळवली जाते आणि वारा जहाजाला वादळाच्याच वाटेवर ढकलत राहतो. अशा वेळी वारा पुढून, उजव्या गालावर घेत बाहेर पडायचं. उलटा सरकत असेल, किंवा दिशा न बदलता नुसता वाढत असेल, तर वारा उजव्या बाजूने पाठीमागून घ्यायचा आणि निघायचं. वारा नुसता वाढत असेल तर वादळ थेट आपल्याकडे येतंय, तेव्हा विचार करत बसायला वेळ नसतो.

आणखी एक, ताई. अरबी समुद्रातली चक्री वादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. जून-जुलैचा समुद्र खवळलेला असतो, त्यात काही दिवस मुलगा फोनवर चिडचिडा वाटेल. त्याची झोप झालेली नसते, बाकी काही नाही.

मी लोको पायलटचा मुलगा. गाडीला रूळ असतो, सिग्नल असतो. समुद्रात रात्री समोरून जहाज आलं तर बाजूला कोण होतं?
(प्रथम वर्ष बीएस्सी, भुसावळ)

समुद्रात प्रत्येक जहाज स्वतःच चालता सिग्नल असतं. डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा, डोलकाठीवर पांढरा, मागे पांढरा. मोठ्या जहाजाला डोलकाठीचे दोन पांढरे दिवे, मागचा उंच. बाजूचा प्रत्येक दिवा थेट समोरपासून, बाजूच्या काटकोनाच्या साडेबावीस अंश मागेपर्यंतच दिसतो, म्हणजे एकूण ११२.५ अंश. त्यामुळे कुठला रंग दिसतो यावरून समोरच्याचं तोंड कुठे आहे ते कळतं.

लाल-हिरवा दोन्ही दिसले आणि पांढरे एकावर एक दिसले, तर जहाज थेट तोंडावर आहे. दोघांनीही उजवीकडे वळायचं. तुझ्या उजव्या बाजूने कुणी आडवं येतंय आणि त्याचा लाल दिसतोय, तर बाजूला तू व्हायचंस. जमेल तिथवर त्याच्या पुढून न जाता. मागून कुणाला गाठत असशील तर जबाबदारी तुझी, मग तू कुठूनही ये. हे नियम १९७२चे आहेत आणि जगभर एकच आहेत, त्यामुळे समोरच्या कॅप्टनची भाषा येत नसली तरी त्याची वागणूक तुला माहीत असते. धडक ओळखायची खूण साधी आहे: त्या जहाजाचं कंपास बेअरिंग बदलत नाही आणि अंतर कमी होतंय.

तुझ्या वडिलांच्या वैद्यकीय तपासणीत रंग ओळखायची पुस्तिका समोर ठेवतात ना, तशीच इथे असते. डेकसाठी, म्हणजे जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी, रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. कोर्सची फी भरायच्या आधी नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घे. वर्षभराची फी भरून झाल्यावर हे कळणारी पोरं मी पाहिली आहेत.

आमची तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिथे भरतीचं पाणी नदीत उलटं चढतं म्हणतात. कॅप्टनला भरती कशी कळते?
(एक शिक्षक, प्रकाशा)

खंबातच्या आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी आहे. भावनगरला पाणी दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. मुंबईला मोठ्या भरतीत चार-साडेचार मीटर. सुरत-बुऱ्हाणपूरचा जुना व्यापारी मार्ग तुमच्या नंदुरबारवरून जायचा, पण त्या मालाची मोठी जहाजं तापीच्या गाळात शिरत नसत. ती बाहेर सुवाळीला नांगरायची आणि माल लहान होड्यांतून जायचा.

वेळेचं म्हणाल तर कोळी लोकांचा ठोकताळा पंचांगावर चालतो: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती बाराच्या सुमाराला. पंचमीला पाचाचा पाऊणपट म्हणजे पावणेचार. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे जमतं. मासेमारीला बरोबर आहे, पण बारा मीटर पाण्यात बुडालेलं जहाज यावर नेता येत नाही. त्यासाठी सर्वे ऑफ इंडियाची भरतीची कोष्टकं असतात. सागरी चार्ट नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. हे ऑफिस डेहराडूनला आहे, समुद्रापासून आपल्यापेक्षा किती तरी लांब.

हिशेब असा. चार्टवर लिहिलेली खोली ही जवळपास नीचांकी ओहोटीची असते. समजा ती ११.२ मीटर, त्या वेळची भरती २.४. पाणी झालं १३.६. जहाज पाण्यात १२.१ मीटर बुडालेलं, तर तळाखाली दीड मीटर उरलं. आता कॅप्टन घाईत वेग वाढवतो. उथळ पाण्यात वेगाने जाणारं जहाज आणखी खाली बसतं, आणि तेही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग निम्मा केला तर हे बसणं पावपट होतं. म्हणून खाडीत शिरताना मोठी जहाजं बैलगाडीसारखी चालतात. मुलांना वर्ग शिकवताना हे उदाहरण जरूर द्या.

एक एजंट म्हणतो, पैसे भरा, तीन महिन्यांत थेट जहाजावर. खरं का?
(शिरपूर)

नाही. डेक ऑफिसरचा रस्ता ठरलेला आहे: बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये सरासरी साठ टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत पन्नास, मग इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी. पुढे एक वर्षाचा डिप्लोमा आणि अठरा महिने समुद्र, किंवा तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स आणि बारा महिने समुद्र. त्यानंतर सेकंड मेटची परीक्षा, मग फर्स्ट मेट, मग मास्टर. कॅप्टन व्हायला आठ-दहा वर्षं सहज जातात. नोकरी लावून देणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल परवाना लागतो आणि त्याचा नंबर नौवहन महासंचालनालयाच्या वेबसाइटवर तपासता येतो. एजंटला तो नंबर विचारा. तो विषय बदलायला लागला, तर चहा पिऊन उठा.

सापुताऱ्याच्या घाटात बसमध्येसुद्धा मला उलटी होते. मग जहाजावर काय होणार?
(अकरावीची विद्यार्थिनी, नवापूर)

पहिले काही दिवस होईल. मग बहुतेकांचं शरीर सरावतं; मोठा समुद्र लागला की जुन्यांनाही परत लागतं. उपाशी राहू नकोस, कोरडी भाकरी किंवा बिस्किटं थोडी-थोडी खात राहा, पाणी पी. खोलीत पडून फोन बघू नकोस. जहाजाच्या मध्यावर हेलकावे कमी जाणवतात, तिथे थांब, नाही तर बाहेर मोकळ्या हवेत क्षितिजाकडे बघत उभी राहा. गोळी घ्यायची तर लाटा सुरू व्हायच्या आधी, आणि वॉचवर (पाळीच्या ड्यूटीवर) असशील तर झोप न आणणारी. डॉक्टरला तसं स्पष्ट सांगून लिहून घे.