कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान (टरफलांतल्या कायटिनवर प्रक्रिया करून मिळणारा, शेतीतही वापरला जाणारा पदार्थ) करायचा उद्योग कोल्हापुरात जमेल का? टरफलं रत्नागिरीहून आणायची आहेत.

जमेल, पण ओली टरफलं आंबा घाट चढवून आणू नका. त्यांत तीन चतुर्थांश पाणीच असतं, आणि काही तासांत ती नासायला लागतात. काळी पडलेली, उग्र वास सुटलेली टरफलं कितीही धुतली तरी माल पिवळटच निघतो. धुणं आणि वाळवणं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या आसपासच उरका, सुकी पोती वर आणा. १०० किलो ओल्या टरफलांची सुकी २०-२५ किलो होतात, त्यातून कायटिन ४-५ किलो आणि त्या कायटिनपासून कायटोसान ३-४ किलो. गाडीभाडं या शेवटच्या आकड्यावर बसवून बघा.

सुक्या टरफलांच्या दहापट, ३-४ टक्के कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोड्याच्या) पाण्यात ७०-८० अंशांना दोन तास ठेवलं की प्रथिनं सुटतात. स्वच्छ धुऊन मग ४-५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड, गरम न करता. टरफलातला चुना विरघळताना फेस उसळतो, म्हणून पिंप अर्धंच भरा आणि ॲसिड थोडं थोडं सोडा. फेस बसला की एक टरफल काढून दुमडा. कडकड न वाजता भिजल्या कागदासारखं वळलं तर झालं. रात्रभर ॲसिडात ठेवायचा मोह नको. कायटिनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, चिकटपणा उतरतो आणि भावही.

शेवटी कायटिनचं कायटोसान करायला ४०-५० टक्के कॉस्टिक, ९०-१०० अंश, दीड ते दोन तास. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कुणाला जवळ जाऊ देऊ नका. ॲसिडला प्लास्टिकचं पिंप, कॉस्टिकला स्टील. उलट केलंत तर ॲसिड स्टील खातं. ॲल्युमिनियम तर कॉस्टिकमध्ये विरघळतंच, वर हायड्रोजन सुटतो.

धुऊन सामू (pH) ७ वर आला की वाळवा. १ ग्रॅम माल १०० मिली, १ टक्का ॲसेटिक ॲसिडात रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पापुद्रे दिसले तर शेवटची पायरी कच्ची राहिली.

यंत्रांपेक्षा मला काळजी सांडपाण्याची वाटते. वापरलेलं ॲसिड आणि कॉस्टिक एकमेकांत मिसळून सामू जुळतो, पण मीठ आणि प्रथिनं पाण्यात तशीच राहतात. पंचगंगेचे हाल आपण बघतोच आहोत. प्रक्रिया टाकी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यांचा खर्च जागा घेण्याआधीच धरा. कॉस्टिक गाळून पुन्हा वापरलं तर त्याचा खर्चही वाचतो.

गिऱ्हाईक म्हणून ऊस आणि सांगलीकडची द्राक्षं डोळ्यांसमोर असतील, तर बायोस्टिम्युलंट (पिकाची वाढ सुधारणारं द्रव्य) म्हणून विकायला खत नियंत्रण आदेशाखाली नोंदणी लागते. २०२१ पासून ती तरतूद आहे. प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेला विचारा, कायटोसानवर त्यांचं बरंच जुनं काम आहे.