वाचक विचारतात : कपातीच्या यादीत कोण?

प्रश्न : आमच्या अभ्यासगटात दर बैठकीला एकच वाद होतो. माझं म्हणणं, मालक आणि कामगार हा मूळ झगडा. तो सुटला की बाकीचे भेद गळून पडतील. माझी मैत्रीण इंटरसेक्शनॅलिटीचा आग्रह धरते, म्हणजे वर्ग, वर्ण, लिंग हे भेद एकमेकांत गुंतलेले असतात, ते एकत्रच पाहायला हवेत असं तिचं म्हणणं. त्यानं कामगारांची एकजूट फुटेल अशी मला भीती वाटते. तुमचं आयुष्य युनियनमध्ये गेलं. तुम्ही कोणाच्या बाजूचे?

उत्तर : तुमच्या मैत्रिणीच्या. एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

युनियनच्या कामात मी बावीस वर्षं सेवाज्येष्ठतेच्या याद्या तपासल्या. कपात आली की शेवटी लागलेला आधी जाणार. साहेबाच्या मर्जीपासून कामगाराला वाचवणारा हा नियम, आणि त्यासाठी माणसं लढली आहेत. त्यात कुणावर अन्याय होत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मग जनरल मोटर्सविरुद्धच्या खटल्याबद्दल वाचलं. अमेरिकेतला, १९७६चा निकाल.

पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी तो लढवला. १९६४ पूर्वी ही कंपनी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतच नव्हती. पुढे मंदीत कपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया सेवाज्येष्ठतेच्या नियमानं घरी बसल्या. न्यायालय म्हणालं, कंपनी स्त्रियांना नोकरी देत होती, तेव्हा लिंगभेद नाही. (त्या स्त्रिया गोऱ्या होत्या.) वर्णभेदाची तक्रार असेल तर त्याच कंपनीविरुद्धच्या वर्णभेदाच्या दुसऱ्या खटल्यात सामील व्हा. दोन्ही मिळून एक तक्रार करता येणार नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द मांडला, तेव्हा हाच खटला त्यांच्यासमोर होता. कपातीच्या यादीहून अधिक कामगारांचा प्रश्न कोणता असतो, सांगा!

एकजूट फुटेल म्हणता. ती तर दारातच फुटली होती, आतल्यांना दिसली नाही इतकंच.

१९७७ साली कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटानं आपलं निवेदन लिहिलं. त्या स्वतःला समाजवादी म्हणवत. मार्क्सचं विश्लेषण त्यांना मान्य होतं, ते आपल्या स्थितीपर्यंत आणखी पुढे न्यायला हवं एवढंच त्यांचं म्हणणं. आपल्या समाजातल्या पुरुषांपासून वेगळं व्हायलाही त्यांनी नकार दिला. यात फूट कुठे आहे?

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूला येतो. संचालक मंडळावर दोन नवे चेहरे बसवायचे आणि सफाई करणारीचा पगार, तिचं कंत्राट तसंच ठेवायचं, याला मी सामाजिक न्याय म्हणणार नाही. वर्ग वगळला की उरतं ते हे.

सेवाज्येष्ठता मोडून टाका असं मी आजही म्हणत नाही. पण कुणी यादी घेऊन सल्ल्याला आलं, की शेवटच्या दहा नावांपुढच्या तारखांवर बोट ठेवून विचारतो : ही माणसं याआधी आली नाहीत, की त्यांना येऊ दिलं नव्हतं?