जुन्या झेरॉक्सवर ओईटी देऊ नकोस

मावसबहिणीने 2017 मध्ये ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिली होती, तिच्या नोट्स वापरू का, की सरळ आयईएलटीएस, म्हणजे सगळ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, देऊ, असं तू विचारलंस. तुझा नर्सिंगचा डिप्लोमा (जीएनएम), सांगलीत आयसीयूची चार वर्षं, आणि आता यूकेत नर्स म्हणून यायचंय. मी मिरजेची, इथे लेस्टरला मेडिकल वॉर्डात पाच वर्षं झाली. थोडं सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः याच चुकीने एकदा आपटले आहे.

त्या नोट्स रद्दीत घाल. औषधांचे उच्चार तेवढे ठेव. सप्टेंबर 2018 मध्ये परीक्षेचा साचाच बदलला. रीडिंगमध्ये छोटे छोटे उतारे आले: हॉस्पिटलचा नियम, एखाद्या यंत्राची सूचना, स्टाफला पाठवलेली ईमेल. लिसनिंगमध्ये ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देणं (हँडओव्हर) आणि टीममधलं बोलणं आलं. नुसत्या ग्रेडऐवजी 0 ते 500 गुण मिळू लागले; 350 ला बी, 300 ला सी प्लस. एनएमसीला, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलला, लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये बी लागतो, रायटिंगमध्ये सी प्लस चालतो.

पण आपल्या मुली अडकतात त्या रायटिंगमध्येच. तिथे पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून पुढे काळजी घेणाऱ्याला पत्र लिहायचं असतं. सप्टेंबर 2019 पासून पत्र तपासायच्या कसोट्या बदलल्या आणि पत्राचा हेतू ही एक स्वतंत्र कसोटी झाली. मी त्याच डिसेंबरात बसले. क्लासमध्ये पाठ करून घेतलेला साचा होता: आधी नाव-वय, मग जुने आजार, मग तारखेप्रमाणे सगळी हकिकत, आणि शेवटच्या ओळीत 'कृपया पुढील काळजी घ्यावी'. मला वाटलं, एकही मुद्दा सुटला नाही. गुण आले 290. व्याकरण बरं होतं गं, पण पत्र वाचणाऱ्या, घरी जाऊन काळजी घेणाऱ्या कम्युनिटी नर्सला आपण नक्की काय करायचं, हे शेवटच्या ओळीपर्यंत कळतच नव्हतं. आणि तिला ज्याचा काही उपयोग नाही, ते वीस वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन मी इमानदारीत लिहिलं होतं.

दुसऱ्या वेळी एकच केलं. पहिल्या पाच मिनिटांत लिहायला मिळत नाही, फक्त वाचायचं असतं. तेव्हा स्वतःला विचारलं: हे पत्र कोणाच्या हातात पडणार आणि उद्या सकाळी तिने काय करायचं? जखमेचं ड्रेसिंग, इन्सुलिन, की एकट्या राहणाऱ्या आजीवर लक्ष? ते पहिल्या परिच्छेदात. बाकीच्या केस नोट्समधलं त्याला लागेल तेवढंच. पत्र 180 ते 200 शब्दांचं, वेळ 40 मिनिटं. 360 मिळाले. क्लास बदलला नव्हता, फी वाचली!

स्पीकिंगचं जरा नीट वाच. दोन रोल प्ले असतात, म्हणजे तू नर्स आणि समोरचा पेशंट असा संवाद, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे, आधी कार्ड वाचायला तीन मिनिटं. 2018 पासून इंग्रजीबरोबर तू पेशंटशी कशी बोलतेस याचेही गुण असतात: नातं जोडतेस का, त्याच्या मनातली भीती विचारून घेतेस का, माहिती तुकड्यातुकड्याने देऊन त्याला समजली की नाही हे बघतेस का. आपल्याकडे आपण काय करतो? पेशंट समोर असतो आणि आपण विचारतो, 'बरोबर कोण आलंय?' सगळं नातेवाइकाला सांगायचं, आणि पेशंटला 'काही होत नाही, घाबरू नका मावशी' म्हणून सलाईन लावायची. त्यात माया असते, मी नाकारत नाही. पण रोल प्लेमध्ये पेशंट 'मला सुई नको' म्हणाला आणि तू तेच 'काही होत नाही'चं इंग्रजी केलंस, तर गुण गेले. आधी विचार, कशाची भीती वाटते? मग गप्प राहून ऐक. घरी सरावाला आईला पेशंट कर, आणि तिला मुद्दाम अडून बसायला सांग. आयांना ते जमतं.

लिसनिंगला ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांची सवय कर. ही परीक्षा मूळची ऑस्ट्रेलियातली. रीडिंगचा पार्ट ए 15 मिनिटांत 20 प्रश्न, वेळ संपली की पेपर गेला, मागे वळता येत नाही.

आयईएलटीएस? त्याच्या अकॅडमिक प्रकारात लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हीकडे 7 आणि रायटिंगला 6.5 लागतात. तिथे शहरातली वाहतूक नाही तर शिक्षणपद्धती यांवर निबंध येतात. आयसीयूत चार वर्षं काढलेल्या मुलीने त्यावर डोकं का फोडावं, असं माझं मत. पण वाचनाची आवड असेल तर तीही वाट वाईट नाही.

एका पेपरात थोडक्यात राहिलीस तर रडू नकोस. फेब्रुवारी 2023 पासून 12 महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे निकाल जोडता येतात, फक्त कुठल्याही पेपरात हव्या त्या ग्रेडपेक्षा अर्ध्या पायरीहून जास्त खाली जायचं नाही. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. कोणी सांगेल की इथल्या मॅनेजरने इंग्रजी चांगलं म्हणून लिहून दिलं की चालतं. तो नियम आहे, पण यूकेतच वर्षभर आरोग्यसेवेत काम केलेल्यांसाठी. तुझ्या कामाचा नाही.

आणि 'आधी केअरर (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणारी) म्हणून जा, नर्स नंतर हो' म्हणणारा एजंट भेटला तर चहासुद्धा पाजू नकोस. परदेशातून केअरर भरती 22 जुलै 2025 पासून बंद आहे.

ओईटीच्या अभ्यासाबरोबर सीबीटी, म्हणजे एनएमसीची कॉम्प्युटरवरची परीक्षा, भारतातच देऊन टाक, ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, इथे आल्यावर होते. एक पत्र लिहून मला पाठव. पुढच्या आठवड्यात माझी नाइट आहे, त्यानंतर लाल पेन घेऊन बसते.